आठ टोकांचा स्नोफ्लेक आणि मराठीतला एकच 'बर्फ'

शेवंती

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही अमेरिकेत बफेलोला राहतो. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत माझ्याकडे सहा ते दहा वर्षांची नऊ पोरं आहेत. या महिन्याचा विषय त्यांनीच निवडला: स्नो. साहजिकच आहे म्हणा. इथे वर्षाला सरासरी ९५ इंच स्नो पडतो, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तर काही उपनगरांत काही दिवसांत पाच फुटांच्या वर साचला होता. पोरांना त्याच्याशी खेळता येतं, पण तो होतो कसा हे एकालाही सांगता येत नव्हतं. मलाही नाही, हे पहिल्याच तासाला कळलं.

मी फळ्यावर लिहिलं, "पाणी गोठलं की बर्फ होतो." एकाने लगेच विचारलं, "मग स्नो म्हणजे गोठलेला पाऊस?" मी बेधडक "हो" म्हणून टाकलं. घरी येऊन वाचलं तर साफ चूक. गोठलेला पाऊस वेगळा असतो, इथे त्याला स्लीट म्हणतात, खिडकीवर मोहरी तडतडल्यासारखा वाजतो. स्नोचा तर आवाजही येत नाही.

दुसरी भानगड कागदाची. माझ्या लेकीच्या रोजच्या शाळेत खिडक्यांवर कागदी स्नोफ्लेक्स लावलेत. सगळेच्या सगळे आठ टोकांचे! खऱ्या स्नोफ्लेकला सहा टोकं असतात, असं मी हळूच सांगून पाहिलं. "इट्स जस्ट क्राफ्ट" असं उत्तर मिळालं. आता लेक विचारते, "आई, खऱ्याला सहाच का?"

तर माझे प्रश्न:
१. ट्रेमधल्या खड्यालाही आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडतो त्यालाही बर्फच. मराठीत हा फरक पोरांना कसा सांगायचा?
२. सहाच का?
३. बाहेर जाऊन बघायचा तर काळ्या कागदावर पडल्या पडल्या वितळतो. काय चुकतंय?

गोळेवाला

पुण्यातून स्नोवर काय बोलणार कप्पाळ! पण स्नो पांढरा का, हा प्रश्न तुमच्या यादीत नाही आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, म्हणून घुसतोय.

बर्फाची लादी बघा, जवळजवळ काचेसारखी. तीच रंध्यावर किसली की पांढरीशुभ्र. बर्फ तोच, फक्त आता त्याचे हजारो बारीक तुकडे झाले आणि मध्ये मध्ये हवा भरली. उजेड प्रत्येक तुकड्याच्या कडेवर आपटून इकडेतिकडे उडतो, सगळे रंग एकत्रच परत येतात, म्हणून पांढरा. आता गोळ्यावर कालाखट्टा ओता. रस फटींत शिरला, हवा गेली, तेवढा भाग लगेच पारदर्शक होतो. आणि रस चोखून घेतलात की काडीवर परत पांढरा गोळा! हे प्रत्येक मराठी पोराने केलेलं आहे, फक्त त्याला विज्ञान म्हणतात हे कोणी सांगितलं नाही.

ठिपका

शेवंती, दोन नंबरच्या प्रश्नाला रांगोळी काढ. थट्टा नाही करत.

आम्ही कोल्हापूरला लहानपणी दोन तऱ्हेचे ठिपके मांडायचो. एक सरळ, उभ्या-आडव्या ओळीत. त्यातून चौकोन निघतात, चार पाकळ्या, आठ पाकळ्या. दुसरे मधले, म्हणजे पुढच्या ओळीचा ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या फटीत. "सात ते चार" म्हणायचो त्याला. मधली ओळ सात ठिपक्यांची, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. कडेने बोट फिरवून बघ, आपोआप षटकोन होतो. प्रत्येक ठिपक्याला शेजारी सहा. कितीही प्रयत्न कर, त्यातून आठ पाकळ्यांचं फूल निघत नाही. ठिपकेच तसे मांडलेत ना.

बर्फातले पाण्याचे कण असेच फटीत फट धरून बसत असणार, असं मला आपलं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

कागदाची घडीही तीच. वाटी ठेवून गोल काप, अर्धा दुमड. आता परत अर्धा दुमडलास की आठाच्या वाटेला लागलीस. त्याऐवजी अर्ध्या गोलाचे भेळेच्या पुडीसारखे तीन सारखे भाग कर, मग एकदा मधोमध दुमड आणि काप. सहाच टोकं येतील.

उत्तरायण

ठिपकाताई, साष्टांग नमस्कार! मी जपानमध्ये साप्पोरोत असतो. इथे स्नोवर ढिगाने वाचायला मिळतं, पण ही रांगोळी कुठेच नाही. त्यात फक्त एक सुधारणा. तुमच्या सात-ते-चारमध्ये एकूण ३७ ठिपके होतात. त्यातले १३ पुसा: मधल्या ओळीतला पहिला, चौथा, सातवा, सहाच्या दोन्ही ओळींतला दुसरा आणि पाचवा, पाचाच्या ओळींतला मधला, चाराच्या ओळींतली दोन्ही टोकं. उरलेले २४ शेजारी-शेजारी जोडा. मधमाशीच्या पोळ्यासारख्या सात खोल्या दिसतील, मधली एक आणि भोवती सहा. बर्फाच्या स्फटिकाच्या एका थराकडे वरून पाहिलं तर कण असेच बसलेले दिसतात.

पुसलेल्या जागा महत्त्वाच्या. त्या रिकाम्या खोल्यांमुळे बर्फ पाण्यापेक्षा ऐसपैस असतो, साधारण नऊ टक्के जास्त जागा घेतो. म्हणून तो सरबतात तरंगतो आणि फ्रीजरमधली काठोकाठ भरलेली काचेची बाटली फुटते.

आता पहिला प्रश्न. स्नो म्हणजे गोठलेला थेंब नाही, गोठलेली वाफ आहे. ढगात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि ते शून्याच्या खाली गेले तरी लगेच गोठत नाहीत. गोठायला धुळीचा एखादा योग्य कण लागतो. तसा कणच नसेल तर उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत ते द्रवच राहू शकतात. एखादा थेंब गोठला, की हवेतली वाफ थेट त्याच्यावर येऊन बसायला लागते. मध्ये पाणी होण्याची पायरीच नाही. वाफ कमी पडली की शेजारचे थेंब सुकत जातात आणि स्फटिक वाढत जातो. आधी इवलासा षटकोन होतो. त्याचे कोपरे बाहेर डोकावतात, त्यांना ताजी वाफ आधी मिळते, ते आणखी बाहेर येतात. पोरांना सांगा, प्रसादाच्या रांगेत कोपर मारून पुढे घुसणाऱ्याला आधी प्रसाद, तसंच. त्यातून सहा हात फुटतात. सगळे हात एकाच हवेतून एकत्र प्रवास करतात, म्हणून साधारण सारखे वाढतात.

चौकस

"दोन हिमकण कधीच सारखे नसतात" हे आपण लहानपणापासून ऐकतो. हे तपासलं कोणी? सगळे गोळा करून बघितले का? :)

उत्तरायण

रास्त शंका. हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं त्यात मोठा वाटा विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याचा. अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमधलं जेरिको हे त्याचं गाव. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ ला त्याने हिमस्फटिकाचा पहिला फोटो काढला. पुढे डिसेंबर १९३१ मध्ये मरेपर्यंत पाच हजारांवर फोटो काढले. पण तो सुबक तेवढेच निवडायचा. खरे बहुतेक कण मोडके, चिकटलेले, एक हात तुटलेले असतात. पोरांना हे आधीच सांगा, नाहीतर बाहेर जाऊन हिरमुसतील.

आणि साधे, छोटे, बिनहातांचे स्फटिक पुष्कळदा सारखे दिसतात. नॅन्सी नाइट या अमेरिकन संशोधिकेला १९८८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दोन जुळे सापडले होते. हातांची नक्षी जितकी गुंतागुंतीची, तितकं दुसरं तसंच सापडणं अवघड, एवढंच ते.

मास्तर_निफाड

वाचतोय. झकास धागा. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्या पोरांनी स्नो पाहिलेला नाही, पण गोठलेलं पाणी पाहिलंय, तेही भलत्या वेळी. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत राज्यभर पिकांचं जे झालं ते इथल्या लहान पोरांनाही घरच्या बोलण्यातून माहीत आहे. त्यामुळे वर्गात 'बर्फ' म्हटलं की पहिला हात गारेसाठी वर येतो.

मी गार आणि हिम असा फरक सांगतो: गार म्हणजे कांदा, हिम म्हणजे फूल. गार गडगडाटी ढगात वर-खाली हेलपाटे खाते, थंडगार थेंब तिच्यावर आदळून गोठतात, पापुद्र्यावर पापुद्रा चढतो. मोठी गार सापडली तर सुरीने मधोमध कापून दाखवायची, पांढरी-पारदर्शक वलयं दिसतात. हिम असं आदळाआपट करून होत नाही, शांतपणे वाफेतून उमलतं.

आणि वर्गात एकदम शांतता पसरवणारं वाक्य: आपल्या डोक्यावरही बर्फ पडतो, फक्त पोचत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटर वर गेलं की तापमान शून्याखाली जातं. उंच ढगांच्या माथ्यावर हिमच असतं, खाली येता येता वितळून त्याचा पाऊस होतो. हे सांगितल्यावर एक पोरगं म्हणालं, "मंग सर, आपुन पावसात नाय, वितळलेल्या बर्फात भिजतो?" सगळाच पाऊस तसा नसतो हे सांगायला मला अर्धा तास लागला, पण प्रश्न एक नंबर होता.

शेवंतीताईंच्या पहिल्या प्रश्नासाठी माझा जुगाड. घरात जुना, एकाच दाराचा फ्रीज असेल तर त्याचा फ्रीजर उघडा. ट्रेमधला खडा म्हणजे पाण्याचा बर्फ. आणि भिंतीवर जो पांढरा, भुसभुशीत थर वाढतो, ज्याच्यामुळे दर महिन्याला डिफ्रॉस्टचं बटण दाबावं लागतं, तो वाफेचा बर्फ. दार उघडलं की घरातली दमट हवा आत जाते, तिच्यातली वाफ भिंतीवर जाऊन बसते. एकाच कप्प्यात दोन बर्फ! कापूर न वितळता हवेत उडून जातो हे पोरांना माहीत असतं. हा त्याचा उलटा प्रवास. मी खड्याला बर्फ आणि भिंतीवरच्याला हिम म्हणतो. शब्द वेगळे केले की डोक्यातही वेगळं होतं.

गोळेवाला

मास्तर, आमच्याकडे आता फ्रॉस्ट-फ्री आहे. विज्ञान गेलं की हो घरातून! (दिवा घ्या)

मास्तर_निफाड

मग स्टीलचा पेला घ्या. बर्फ बारीक ठेचून त्यात खडे मीठ घाला, मटका कुल्फीवाला घालतो तसं, तीन वाट्यांना एक वाटी. ढवळा. मिठामुळे बर्फ वितळायला लागतो आणि वितळताना उष्णता ओढून घेतो, मिश्रण उणे दहा-पंधराच्या खाली सहज जातं. पेला बाहेरून कोरडा पुसून पाटावर ठेवा आणि गप्प बसून बघा. आधी बाहेर दवाचे थेंब येतात. मग ते गोठून कडक, काचेसारखा पापुद्रा होतो. आणि त्याच्यावर पाचदहा मिनिटांनी पांढरी, मऊ लव उगवते. पापुद्रा म्हणजे गोठलेलं पाणी, लव म्हणजे गोठलेली वाफ. नखाने खरवडून दोन्ही दाखवा. (बोट फार वेळ टेकवू नका, चिकटतं.)

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि आमच्याकडे द्राक्षबागांत थंडीत सकाळी हेच दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर "मिनी काश्मीरमध्ये बर्फ पडला" फिरतं, पण पडलेलं काही नसतं, जागच्या जागी झालेलं असतं. निरभ्र रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून तापमापक दोन-तीन अंश दाखवत असताना पानावरचं दव गोठतं. पुस्तकात दहिवर हा सुरेख शब्द आहे, तो वापरत चला. बागाईतदाराला मात्र त्यात काही सुरेख वाटत नाही, तो पहाटे तीनला उठून शेकोट्या पेटवत असतो.

जुना_शिपाई

जय हिंद. सातारा जिल्हा, सध्या निवृत्त. पोरांना स्नो फक्त फूल म्हणून शिकवू नका एवढंच सांगायला लिहितोय.

काश्मीरमध्ये वरच्या चौकीवर असताना आम्हाला बर्फात खड्डा खणून थर वाचायला शिकवलं होतं. फावड्याने उभी भिंत कापायची आणि वरून खाली प्रत्येक थर दाबून बघायचा. आधी मूठ आत जाते का, नाही गेली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. वहीत लिहायचं. कडक थराच्या खाली मूठ जाईल असा मऊ थर लागला की त्या उतारावर पाय ठेवायचा नाही.

सगळ्यात वाईट तळाचा थर. जमीन शून्याच्या आसपास उबदार, वरची हवा उणे वीस. मग खालच्या कणांतून वाफ निघते आणि जरा वरच्या कणांवर बसते. पडलेला स्नो असा आतल्या आत बदलत राहतो. काही आठवड्यांनी तळाशी जाड दाण्यांची साखर होते. मुठीत घेऊन दाबली तरी गोळा होत नाही, बोटांतून सांडते. वर चार फूट बर्फ आणि खाली सुटी साखर! कोणी पाऊल टाकलं की आख्खी लादी सुटते. हिमस्खलन वरच्या आवाजाने होतं असं सिनेमात दाखवतात. आम्हाला भीती पायाखालच्या साखरेची असायची.

लहान मुलांना दाखवायचं तर ताटात साखर पसरून त्यावर मैद्याचा जाड थर दाबून बसवा आणि ताट एका बाजूने हळूहळू उचला. मग नुसता मैदा ठेवून उचला.

शेवंती

काका, अंगावर काटा आला. वर्गात करणार नक्की.

माझा तिसरा प्रश्न तेवढा राहिला...

उत्तरायण

कागद घरातून उबदार नेला असणार! बाहेर जायच्या अर्धा तास आधी कागद, भिंग, सगळं पोर्चमध्ये ठेवून गार करा. कागदापेक्षा काळी मखमल किंवा लोकर बरी, कण तंतूंवर अधांतरी राहतो. तोंडावर मफलर, कारण श्वास लागला की कण गेला. बेंटली बिनगरम शेडमध्ये काम करायचा, कण काडीने उचलायचा आणि पिसाने हलकेच दाबून काचेवर बसवायचा.

आणि नाकाया यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उकिचिरो नाकाया इथल्याच होक्काइदो विद्यापीठात होते. आकाशातून पडलेल्या स्फटिकांचे फोटो काढून त्यांचं समाधान होईना. तो घडतो कसा हे बघायचं तर प्रयोगशाळेत तो घडवायला हवा. पण टांगायचा कशावर? रेशीम, कापूस, सगळ्या धाग्यांवर नुसता दहिवराचा झुपका व्हायचा. शेवटी सशाच्या केसाने काम केलं. केसावर बारीक गाठी असतात, स्फटिक सुटा सुटा गाठीवरच धरतो. १२ मार्च १९३६ ला माणसाने घडवलेला पहिला हिमस्फटिक सशाच्या केसाच्या टोकावर उमलला.

मग त्यांनी तापमान आणि वाफ बदलत तक्ता तयार केला. उणे दोनच्या आसपास पातळ चकत्या, उणे पाचला सुया आणि कांड्या, उणे पंधराला भरपूर वाफ असेल तर मोठाले नक्षीदार तारे, त्याखाली पुन्हा छोट्या चकत्या आणि कांड्या. असं का, हे अजूनही पूर्ण सुटलेलं कोडं नाही. पण तक्ता हातात असला की कण पाहून वरच्या ढगाची हवा ओळखता येते. ते म्हणायचे, हिम म्हणजे आकाशाने पाठवलेलं पत्र. तुमच्या पोरांना टपाल वाचायला बसवा. सुया पडल्या तर ढग उणे पाचचा, तारे पडले तर उणे पंधराचा.

चौकस

नाकायांसाठी धन्यवाद, हे नव्हतं माहीत. सशाचा केस! +१

शेवंती

अपडेट. काल तास झाला. उत्तरायण, मास्तर, ठिपकाताई, काका, सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

रांगोळी कागदावर काढली. तेरा ठिपके पुसताना दोघांची भांडणं झाली, कारण एकाने स्वतःचे नेमके चुकीचे पुसले आणि मग दुसऱ्याच्या कागदाचा हट्ट धरला. साखर-मैद्याचा प्रयोग तीनदा करावा लागला. पहिल्यांदा ज्ञानाने, नंतरच्या दोन वेळा हौसेने. सतरंजी अजून झटकते आहे.

मग पेला. स्टीलच्या पेल्यात ताजा स्नो न दाबता काठोकाठ भरला आणि विचारलं, वितळल्यावर पाणी किती? कोणी अर्धा म्हणालं, कोणी "फुल". वितळला तेव्हा तळाशी बोटभरसुद्धा नव्हतं. सहा वर्षांचा एक मुलगा पेला उलटा करून बघत होता, बाकीचा सांडला का म्हणून. बाकीची हवा होती हे त्याला पटेना. मग गोळेवाल्यांचा कालाखट्टा कामी आला. इथे तो मिळत नाही, कोकम सरबत ओतलं.

बाहेर उणे तेरा होतं. मखमल आधी गार केली, मफलर बांधले. नऊ पोरं श्वास रोखून उभी, असं दृश्य मी शाळेत आजवर पाहिलेलं नाही. चकत्या दिसल्या, दोन-तीन तारे, बरेचसे मोडके. सगळे सहा, सहा, सहा. मी मनातून फुगले. तेवढ्यात माझीच लेक ओरडली, "आई, बारा!" मी म्हटलं, नीट मोज. तिने मोजले. मी मोजले. बाराच होते!! आठ टोकांचा नसतोच म्हणून मी घसा कोरडा केला होता, आणि आता हे बारा कुठून आले?

उत्तरायण

नशीबवान आहात! बारावाले खरंच असतात, क्वचित. सुरुवातीलाच दोन स्फटिक एकमेकांना पाठीवर चिकटतात, एक दुसऱ्याशी तीस अंशांत वळलेला. मग दोघांचे सहा-सहा हात एकमेकांच्या फटींतून बाहेर पडतात. म्हणजे नियम मोडलेला नाही, सहाचा पाढा आहे. फोटो काढलात का?

ठिपका

फटीत फट! सांगितलं होतं ना.

शेवंती

फोटो कुठला हो, "दाखव दाखव" करत आठ जण वाकले आणि सोळा नाकपुड्यांनी तो वितळला. पुढच्या रविवारपर्यंत थांबायची लेकीची तयारी नाही. शाळेतून आल्यापासून बाहेर पायरीवर बसली आहे, मांडीवर मखमल, मफलर डोळ्यांपर्यंत. आत्ता सुया पडताहेत असा निरोप आला आहे. मी आलं घालून चहा टाकते आणि भिंग घेऊन जाते.